गोठून तडकलेला इंजिन ब्लॉक : वेल्डरकडे नेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिशिगनमध्ये राहणाऱ्या एका वाचकाने १९४३ सालचा जीएमसी सीसीकेडब्ल्यू, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला अडीच टनी लष्करी ट्रक, एका शेतावरच्या कोठारातून विकत घेतला. थंडी सुरू होण्याआधी रेडिएटरचं पाणी काढून ठेवलं होतं, असं विकणाऱ्याने सांगितलं आणि ते खरंही दिसतं. तरी वसंतात पाणी भरल्यावर ब्लॉकच्या अंगावर मॅनिफोल्डखाली (हवा आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांखाली) वीतभर लांबीची आडवी रेघ ओली झाली आणि पाणी झिरपू लागलं. गावातला वेल्डर म्हणतो, घेऊन या, अर्ध्या दिवसात भरून देतो. त्यांचा प्रश्न : भरून घ्यावं, की ब्लॉकच बदलावा?

आत्ताच वेल्डरकडे नेऊ नका. वर्णन बरोबर असेल तर हा ब्लॉक वाचण्याची शक्यता चांगली आहे आणि घाईने लावलेली उष्णता ती शक्यता घालवू शकते. मी पुण्यात एका बोअरिंगच्या वर्कशॉपमध्ये काम शिकलो आणि आता बरीच वर्षं इकडे अमेरिकेत जुनी इंजिनं बांधतो. गोठून फुटलेला ब्लॉक पुण्यात पाहायला मिळत नसे, इथे दर वसंतात कोणी ना कोणी घेऊन येतं. त्यातले जे भंगारात गेले ते बहुतेक नंतरच्या दुरुस्तीमुळे गेले. म्हणून सविस्तर लिहितो.

रेडिएटर रिकामा करूनही ब्लॉक कसा फुटला, हे आधी समजून घ्या. खालचा कॉक उघडला की रेडिएटर आणि खालचा होज रिकामा होतो. सिलिंडरांभोवतीच्या वॉटर जॅकेटचा, म्हणजे पाणी खेळणाऱ्या पोकळीचा, तळ मात्र पंपाच्या तोंडापेक्षा खाली असतो. तिथलं पाणी काढायला ब्लॉकच्या अंगावर वेगळा कॉक असतो. ऐंशी वर्षांच्या इंजिनात त्या तळाशी गंज, ओतकामातली राहिलेली वाळू आणि जड पाण्याचा क्षार यांचा थर बसलेला असतो. कॉक उघडला तर चार थेंब येतात आणि थांबतात, आणि माणसाला वाटतं की पाणी संपलं. तेव्हा विकणाऱ्याने फसवलं असं धरून चालू नका. त्याने कॉक उघडलाही असेल, पण त्यातून तार घातली नसेल.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. फुगायला मोकळी वाट असेल तर काही बिघडत नाही. जॅकेटमध्ये मात्र बाहेरच्या भिंतीलगत आणि अरुंद वाटांमध्ये आधी बर्फ धरतो, वाटा बंद होतात आणि मधलं पाणी कोंडलं जातं. उणे १० अंशांना असं कोंडलेलं पाणी १००० वातावरणांहून अधिक दाब देऊ शकतं. ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बीड दाबाला भक्कम असतं आणि ताणाला कच्चं. त्यात ग्राफाइटच्या बारीक पापड्या विखुरलेल्या असतात आणि ताण आला की तडा त्या पापड्यांच्या कडेकडेने धावतो. जॅकेटची बाहेरची भिंत लांब, सपाट आणि साधारण पाच मिलिमीटर जाड असते. ती मध्यावर बाहेर फुगते आणि आडवी फाटते. तुमची रेघ आडवी आहे, यावरूनच ती बर्फाची आहे असा माझा कयास आहे. इंजिन तापून गेल्यामुळे पडलेला तडा बहुधा हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) बोल्टच्या भोकापासून किंवा व्हॉल्व्हच्या सीटपासून निघतो.

ब्लॉकच्या अंगावरच्या गोल पत्र्याच्या टोप्या बर्फात निसटतात आणि ब्लॉक वाचवतात, असा समज इथल्या शेतकऱ्यांत पक्का आहे. त्या टोप्या ओतकामातली वाळू बाहेर काढायच्या भोकांवर बसवलेल्या असतात. कधी भिंतीआधी त्या हलतात, हे खरं आहे. पण टोपी बाहेर आली आणि भिंतही फाटली, असे ब्लॉक मी पाहिले आहेत.

जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीवर इंजिनाचा भार जवळजवळ नसतो, आणि तुमचा सगळा निर्णय यावर अवलंबून आहे. स्फोटाचा दाब सिलिंडरची भिंत, हेड आणि हेडचे बोल्ट पेलतात. क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचा, भार खालच्या मेन बेअरिंगच्या आडव्या भिंती पेलतात. बाहेरच्या भिंतीचं काम फक्त पाणी धरून ठेवणं, आणि त्या काळच्या ट्रकमध्ये पाण्याचा दाबही आजच्या गाड्यांपेक्षा कमी असे. म्हणून त्या जागी दुरुस्ती पाणी अडवणारी असली की पुरे, फार ताकदीची लागत नाही. हाच तडा सिलिंडरच्या भिंतीत किंवा मेन बेअरिंगच्या भिंतीत असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. तेव्हा तडा कुठून कुठे गेला आहे हे कळल्याशिवाय दुरुस्तीची पद्धत ठरवता येत नाही.

इंजिन सुरू करू नका. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, ड्रेन प्लग अगदी हळू, थोडा थोडा सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं. आत गेलं असेल तर तेलाआधी तेच बाहेर येईल. इंजिन चालवलं असेल तर पाणी तेलात घुसळून ताकासारखं पांढरट होतं. स्वच्छ तेल आलं तर तडा फक्त बाहेर असण्याची शक्यता वाढते, पण खात्री होत नाही.

खात्रीसाठी पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उभ्या कांड्यांच्या) बाजूचं कव्हर काढा. तुमच्या ट्रकचं २७० घनइंची, म्हणजे सुमारे ४.४ लिटरचं इंजिन ओव्हरहेड व्हॉल्व्हचं आहे. सहा सिलिंडर एका रांगेत आणि एका अंगाला पुशरॉडचा कप्पा, अशी त्याची मांडणी आहे. त्या कप्प्याची आतली भिंत म्हणजेच जॅकेटची भिंत, तीही तशीच लांब आणि सपाट. बाहेर एक तडा दिसला की त्या कप्प्यात दुसरा असू शकतो, आणि तिथून झिरपलेलं पाणी सरळ तेलात जातं. बाहेरची दुरुस्ती झकास करून घेतली, इंजिन बांधलं आणि पहिल्याच फेरीत तेलात पाणी, ही गोष्ट या जातीच्या इंजिनांबाबत वारंवार घडते आणि कारण बहुधा हा कप्पा असतो. पुशरॉड काढून, टॅपेट (पुशरॉडखालचे उचलणारे ठोकळे) जागच्या जागी नंबर टाकून ठेवून, त्या भिंतीवरचं जुनं तेलाचं किटण रॉकेलने पूर्ण उतरवा आणि चांगल्या उजेडात पाहा.

केशतडा नुसत्या डोळ्यांनी पूर्ण दिसत नाही. जिथे तो संपल्यासारखा वाटतो त्याच्यापुढे बहुतेक वेळा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर गेलेला असतो. आमच्या जुन्या वर्कशॉपमधली रीत अजूनही चालते. रंग खरवडून भिंत स्वच्छ करा, रॉकेल भरपूर लावून अर्धा तास मुरू द्या, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. थोड्या वेळात तड्यातलं रॉकेल पुडीत उमटतं आणि काळी रेघ टोकापर्यंत दिसते. इथे तड्यात मुरणाऱ्या लाल रंगाच्या पेनिट्रंटचे तीन डब्यांचे संच सहज मिळतात, त्यांनी तेच काम जास्त स्पष्ट होतं. यंत्रशाळेत चुंबकीय तपासणी करून मिळाली तर उत्तमच, बिडासाठी ती फार भरवशाची आहे. दोन्ही टोकं सापडली की तिथे पंचने खूण करा आणि फोटो काढून ठेवा.

मग दाबाची परीक्षा घ्या. थर्मोस्टॅटचं तोंड आणि पंपाचं तोंड प्लेट आणि रबराने बंद करा, जॅकेट गरम पाण्याने भरा आणि त्यावर साधारण १५ पीएसआय, म्हणजे एक बारच्या आसपास दाब द्या. पाणी गरमच घ्या, साठ-सत्तर अंशांचं, कारण थंड असताना मिटलेले तडे तापल्यावर उघडतात. नुसत्या हवेवर जास्त दाब देऊ नका. एखादी जुनी टोपी सुटली तर गोळीसारखी येते, म्हणून टोप्यांच्या समोर उभं राहायचं नाही. हेड, पंपाचं घर, थर्मोस्टॅटचं घर आणि रेडिएटरचा खालचा टँक हेही त्याच थंडीतून गेलेले आहेत, तेव्हा तेही तपासा. ब्लॉक ठीक करून तडकलेलं हेड बसवलं तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

आता वेल्डिंगबद्दल. बिडाला वेल्डिंग होत नाही असं नाही. होतं, पण लांब तडा आणि पातळ भिंत यांच्यासाठी ते मला मान्य नाही. बिडात कार्बन ३ टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून जास्त असतो. आर्कच्या शेजारचा पट्टा वितळण्याइतका तापतो आणि आजूबाजूचं थंड बीड त्याची उष्णता झटकन ओढून घेतं. त्या पट्ट्यात काचेसारखा ठिसूळ, ड्रिलही न चालणारा थर तयार होतो. शिवाय भरलेला धातू थंड होताना आखडतो. पोलाद अशा वेळी थोडं ताणलं जातं, बीड मात्र ताणलं जात नाही, फुटतं. म्हणून वेल्डच्या अगदी कडेने, समांतर, नवा तडा जातो. पुन्हा भरलं की त्याच्या बाजूने आणखी एक. असे तीन-तीन पट्टे भरलेले ब्लॉक माझ्याकडे आले आहेत. तिथे शिवायलाही धड धातू उरलेला नसतो.

कसबी माणूस निकेलच्या रॉडने, एका वेळी इंचभरच ओढून, गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोकून आणि हात टेकवता येईल इतकं निवल्यावरच पुढचा इंच घेऊन हे काम करतो. छोट्या तड्याला, कानाला, ब्रॅकेटच्या तुटलेल्या कोपऱ्याला ही पद्धत चांगली आहे. तुमचा वेल्डर अर्ध्या दिवसात वीतभर भरून देणार असेल तर तो असं करणार नाही. त्याला एवढं विचारा : कोणता रॉड वापरणार आणि दोन पट्ट्यांमध्ये किती थांबणार? उत्तरावरून कळेल.

दुसरा टोकाचा मार्ग म्हणजे पूर्ण ब्लॉक मोकळा करून, भट्टीत हळूहळू ६०० अंशांच्या आसपास तापवून, बिडाच्याच रॉडने गॅसवर भरणं आणि मग वाळूत किंवा चुन्यात पुरून एक-दोन दिवस निवू देणं. हे खरं पक्कं काम आहे. पण नंतर सिलिंडर, वरचा सपाट पृष्ठभाग आणि मेन बेअरिंगची रांग, सगळं पुन्हा मशीनवर तपासावं आणि बहुधा दुरुस्त करावं लागतं. दुर्मीळ इंजिन असेल आणि तडा भार पेलणाऱ्या जागी असेल तरच एवढा खर्च योग्य. पितळेचं ब्रेझिंग जुन्या शेतांवर खूप केलेलं दिसतं. त्याला बीड वितळवावं लागत नाही, पण भिंत लाल होईपर्यंत तापवावी लागते. बाकीचा ब्लॉक थंड ठेवून एकाच जागी एवढी उष्णता दिली तर सिलिंडर वाकडा होतो. तेलात मुरलेल्या बिडाला पितळ धड धरतही नाही.

तुमच्यासाठी मी सुचवेन ते थंड शिवण, इथे ज्याला मेटल स्टिचिंग म्हणतात. जहाजांच्या इंजिनांवर आणि मोठ्या प्रेसच्या बिडी सांगाड्यांवर ही पद्धत कित्येक दशकं वापरात आहे, आणि मुंबईच्या गोदीशी संबंध असलेल्यांना ती ठाऊक असेल. तड्याच्या रेघेवर एकापुढे एक आटेवाल्या पिना बसवत जायचं, अशा की प्रत्येक पिन शेजारच्या पिनेला थोडी कापून बसेल. शेवटी मूळ तडा उरतच नाही, त्या जागी एकमेकींत अडकलेल्या पिनांची रांग उभी राहते. उष्णता शून्य, म्हणून आखडणं नाही आणि वाकणं नाही.

तुमच्या भिंतीला पाव इंची पिन, इंचाला २८ आटे, हे माप बरोबर बसेल. पाच मिलिमीटर भिंतीत साडेपाच आटे येतात, तेवढे पुरतात. भिंत नेमकी किती जाड आहे ते टोपीच्या भोकातून तारेचा वाकवलेला आकडा घालून मोजा. ओतकाम सगळीकडे सारखं नसतं, गाभा सरकलेला असला की एका अंगाला भिंत पातळ निघते. चार मिलिमीटरच्या खाली असेल तर बारीक पिन घ्या.

पहिली दोन भोकं तड्याच्या दोन टोकांना, दिसणाऱ्या टोकाच्या तीन-चार मिलिमीटर पुढे पाडा. हे चुकवलं तर मधलं सगळं काम कितीही सुबक झालं तरी तडा पुढे सरकत राहतो. मग टोकापासून टोकापर्यंत साडेनऊ मिलिमीटरच्या अंतराने भोकं, आटे आणि पिना. ही पहिली रांग. दुसऱ्या रांगेत प्रत्येक दोन पिनांच्या बरोबर मध्ये भोक पाडायचं. ड्रिल दोन्ही शेजारणींना दीडेक मिलिमीटर कापत जाईल, आणि तेच हवं आहे. वीतभर तड्याला अशा चाळीसच्या वर पिना लागतील. काम अवघड नाही, पण त्याला चिकाटी लागते. दोन-तीन शनिवार-रविवार धरा आणि एका बैठकीत संपवायच्या मागे लागू नका.

ड्रिलला थांबा लावल्याशिवाय एकही भोक पाडू नका. जॅकेटच्या पलीकडे सिलिंडरची भिंत आहे. हातातलं ड्रिल आरपार गेल्यावर झोकात पुढे गेलं तर बाहेरच्या तड्याच्या दुरुस्तीत सिलिंडर भोसकला जाईल. ड्रिल भिंतीला काटकोनात राहील असा छोटा गाइड ब्लॉक बनवून घ्या. बीड कोरडंच कापायचं. ड्रिलिंगला आणि टॅपिंगला तेल वापरू नका, कारण तेल लागलेल्या आट्यांना सीलंट धरत नाही. प्रत्येक भोक ब्रेक क्लीनरने धुवा, हवेने कोरडं करा आणि पिनेला ग्लायकॉल व उष्णता दोन्ही सोसणारं सीलंट लावून बसवा.

पिना कोणत्या, यावर कारागिरांत मतभेद आहेत. जुन्या पद्धतीच्या निमुळत्या पिना घट्ट करताना पाचरीसारखं काम करतात आणि तड्याच्या दोन कडा एकमेकींपासून दूर लोटतात. जास्त आवळल्या तर तडा लांबतो. आता खास आट्यांच्या पिना मिळतात, त्यांचे आटे आकड्यासारखे आत वळलेले असतात आणि त्या कडा जवळ ओढतात. त्या महाग आहेत, पण जॅकेटच्या पातळ भिंतीसाठी मी त्याच घेतो. त्या परवडत नसतील तर सरळ आट्यांच्या मऊ पोलादी पिना सीलंट लावून बसवा. निमुळत्या टाळा. पिन बसली की मिलिमीटरभर वर ठेवून कापायची, गोल तोंडाच्या हातोडीने हलकेच ठोकून कडा पसरवायची आणि सगळी रांग संपल्यावर ग्राइंडरने अलगद सपाट करायची. ग्राइंडर एका जागी दाबून धरू नका, तीही उष्णताच आहे.

भिंत बाहेर थोडी फुगलेली दिसेल. पट्टी लावून पाहा, मिलिमीटरभर फुगवटा असतोच. तो ठोकून आत बसवायच्या मोहात पडू नका. बीड परत जागेवर जात नाही, फक्त तड्याला नवीन फांद्या फुटतात. फुगवटा तसाच ठेवून शिवा, रंगाखाली तो कोणाला दिसणार नाही. एखादा तुकडाच निघाला असेल तर तेवढ्या आकाराची प्लेट घासून बसवून तिच्या चारही कडा याच पद्धतीने शिवता येतात.

पोलादाचे कण मिसळलेल्या एपॉक्सीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. बाहेरच्या भिंतीपुरतं ते अगदीच टाकाऊ नाही. टोकांना भोकं पाडून, रेघ थोडी खोलून, धातू चकचकीत करून आणि भिंत कोमट ठेवून लावलं, वर स्क्रूने पट्टी बसवली, तर वर्षातून दोन वेळा संचलनात चालणारा ट्रक त्यावर बरीच वर्षं चालतो. पण तेलाचा अंशही राहिला तर ते सुटतं. पुशरॉडच्या कप्प्यात मात्र ते लावू नका, कारण तिथे सुटलं तर पाणी तेलात जाईल आणि तुम्हाला कळेपर्यंत बेअरिंग खराब झालेली असतील. ग्लायकॉल मिसळलेलं तेल बेअरिंगला पाण्याहूनही वाईट. रेडिएटरमध्ये ओतायची गळतीबंद द्रव्यं तुमच्या ट्रकमध्ये अजिबात ओतू नका. आधीच अरुंद झालेल्या वाटा ती आणखी बुजवतात.

ब्लॉक कधी बदलावा? तडा मेन बेअरिंगच्या भिंतीत उतरला असेल, किंवा हेडच्या बोल्टांच्या दोन-तीन भोकांतून फिरला असेल, किंवा दोन-तीन सिलिंडर एकदम गेले असतील तर. एकाच सिलिंडरच्या भिंतीत तडा असेल तर बोअर करून कोरडी स्लीव्ह (आतलं नळीसारखं अस्तर) बसवता येते, तेवढ्यासाठी ब्लॉक टाकू नये. बदली ब्लॉक मिळणं या ट्रकच्या बाबतीत अशक्य नाही. १९४१ ते १९४५ या काळात असे साडेपाच लाखांहून जास्त ट्रक बनले. पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या डक या लष्करी वाहनातही हेच इंजिन होतं आणि युद्धानंतर जीएमसीच्या नागरी ट्रकांतही २७० येत राहिलं. मात्र युद्धानंतरचा ब्लॉक घेतला तर वरची जोडणी, नंबर आणि ओतकामावरची तारीख जुळत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तोही कोणाच्या तरी कोठारात एखाद्या थंडीत पडून राहिलेला असतो. बदली ब्लॉकलाही गरम पाण्याची तीच परीक्षा द्यायला लावा आणि पैसे त्यानंतर द्या.

माझं मन तुमच्या मूळ ब्लॉकच्या बाजूने आहे, हे लपवत नाही. हे इंजिन पाँटिअ‍ॅकच्या कारखान्यातून निघालं असेल तर ते तुमच्याच राज्यात जन्मलेलं आहे. १९४४ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत रेड बॉल एक्स्प्रेस या रसद-मार्गावर फ्रान्समध्ये रात्रंदिवस ज्यांनी पेट्रोल आणि दारूगोळा ओढला त्यात या ट्रकांचा वाटा मोठा होता, आणि त्यांचे चालक बहुसंख्येने आफ्रिकन-अमेरिकन सैनिक होते. तुमचा ट्रक तिथे होता की नाही, सांगता येणार नाही. पण शिवलेला ब्लॉक दाखवायला लाजण्याचं कारण नाही, लष्कराच्या कार्यशाळांतही दुरुस्त करूनच गाड्या परत रस्त्यावर आणत.

शिवण झाल्यावर सगळ्या टोप्या काढा आणि जॅकेटचा तळ तारेने, पाण्याच्या जोराच्या धारेने आणि चुंबकाने साफ करा. ड्रिलचा बिडाचा चुरा आत पडलेला असतो, तो पंपाच्या सीलला खातो. ज्यांच्याकडे या जीएमसीऐवजी डॉजची डब्ल्यूसी ही त्याच काळातली हलकी लष्करी गाडी आहे त्यांनी पंपामागची पाणी वाटणारी लांब पत्र्याची नळीही याच वेळी बाहेर ओढून पाहावी. ती कुजलेली असते आणि मागचे सिलिंडर त्यामुळे तापतात. ब्लॉकचा कॉक पूर्ण काढा आणि भोकातून पाण्याची जाड धार येईपर्यंत साफ करा. नव्या टोप्या पितळी घ्या. हेड बसवताना बोल्टांचा क्रम आणि ताण टीएम ९-८०१ या लष्कराच्या मॅन्युअलप्रमाणे आणि त्याच्या जोडीच्या इंजिनाच्या मॅन्युअलप्रमाणे घ्या.

पहिल्यांदा नुसत्या स्वच्छ पाण्यावर इंजिन नेहमीच्या तापमानापर्यंत आणा, पूर्ण थंड होऊ द्या, असं तीनेकदा करा आणि प्रत्येक वेळी शिवण, कप्पा आणि तेल पाहा. एखाद्या पिनेपाशी ओल दिसली तर घाबरू नका, तेवढ्या जागी आणखी एक पिन मध्ये घालता येते. सगळं कोरडं राहिलं की पाणी काढून निम्मं इथिलिन ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा. हे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली टिकतं, मिशिगनला ते पुरेसं आहे. भरल्यावर इंजिन चालवून मिसळू द्या आणि मग ब्लॉकच्या कॉकमधून नमुना काढून मोजा, कारण रेडिएटरमध्ये ग्लायकॉल आणि ब्लॉकच्या तळाशी नुसतं पाणी असंही होतं. काढलेलं ग्लायकॉल उघडं ठेवू नका, गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि ते जीवघेणं विष आहे.

भारतात लष्करी गाड्या जपणाऱ्यांनाही एक सांगावंसं वाटतं. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत बनलेल्या जोंगा, निसान वन टन आणि शक्तिमान गाड्या लिलावातून पुणे-कोल्हापूरकडे येतात, आणि त्यातल्या काहींची नोकरी लडाखमध्ये झालेली असते, जिथे हिवाळ्यात पारा उणे २० च्या खाली उतरतो. आपल्याकडे ब्लॉक गोठत नाही म्हणून या दृष्टीने कोणी पाहत नाही. विकत घेण्याआधी ब्लॉकच्या अंगावरचा जाड रंग दोन-तीन ठिकाणी खरवडा. खाली पितळेची सोनेरी रेघ किंवा वेल्डचा उंचवटा निघाला तर दाबाच्या परीक्षेशिवाय सौदा करू नका.

तुम्ही आता पुशरॉडचं कव्हर उघडा, खडूची परीक्षा घ्या आणि दोन्ही टोकांच्या खुणांसकट काय दिसतं ते इथे लिहा. आतल्या भिंतीवरही रेघ उमटली तर पिना वरून की कप्प्यातून घालायच्या हे टॅपेटच्या भोकांपासून ती किती दूर आहे यावर ठरेल, तेव्हा त्या बाजूला पहिलं भोक पाडण्याआधी विचारा.